पाच जहाजांच्या आरमाराचा एक दिवस

दिवस डिसेंबर १९३५ मधला, कामाचा. नेमकी तारीख मुद्दामच घेतलेली नाही, कारण इथे काही घडणार नाही. जहाज 'हिंदुस्तान' असं धरू आणि ते मुंबई बंदरात नांगरलेलं आहे असंही धरू. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव मिळून या आरमाराला जेमतेम सव्वा वर्ष झालं आहे. २ ऑक्टोबर १९३४ पर्यंत हेच खातं रॉयल इंडियन मरीन म्हणून ओळखलं जाई. पलटणी इकडून तिकडे न्यायच्या, दीपगृहांना रसद पोचवायची, किनाऱ्याची खोली मोजायची, ही त्याची कामं. पाटी बदलली म्हणून खात्याचं आरमार होत नाही. ते कसं होतं, हे पाहायचं तर भाषणं आणि समारंभ सोडून रोजचं वेळापत्रक बघावं.

घड्याळाचं आधी सांगतो. १९३५ च्या मुंबईत दोन वेळा चालत. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या स्टँडर्ड टाइमवर, तर म्युनिसिपालिटी आणि शहरातली पुष्कळ घड्याळं मुंबई टाइमवर, म्हणजे ३९ मिनिटं मागे. १९५५ पर्यंत हा हट्ट टिकला. खाली दिलेल्या वेळा स्टँडर्ड आहेत. गिरगावातल्या वाचकाने हवं तर ३९ मिनिटं वजा करावीत.

पहाटे ५

अजून काळोख आहे. खालच्या डेकवर झोळ्या टांगलेल्या, एकीला लागून दुसरी, आणि त्यांत माणसं. बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यातली. दापोली, गुहागर, देवगड, कुठल्या ना कुठल्या खाडीकाठची. त्यांतही कोकणी मुसलमान जास्त. पंजाबातून भरती सुरू झाली आहे, पण या आरमाराचा कणा अजून कोकणचा. गलबतावर वाढलेला पोरगा बोटीने मुंबईला येतो, कुणा गाववाल्याच्या ओळखीने भरती होतो, आणि पगार झाला की मनिऑर्डर गावाकडे जाते. गिरणीत गेलेल्या चाकरमान्यापेक्षा हा फार वेगळा नाही. फक्त याच्या मुकादमाकडे तोफा आहेत.

यंदा डिसेंबरचा बहुतेक महिना रमजानचा आहे. ज्याचा रोजा असेल तो शिट्टीच्या आधीच उठलेला असतो, सेहरी उरकून, पाणी पिऊन.

५:३०

शिट्टी वाजते आणि झोळ्या बांधायची घाई सुटते. आत पांघरूण गुंडाळायचं, कॅनव्हास ताणायचा, वरून दोर सात वेळा आवळायचा. सातच. सहा झाले तर सोडून पुन्हा. नीट बांधलेली झोळी पाण्यात पडली तर काही वेळ तरंगते, म्हणून हा सोस. शिवाय जुन्या लढायांत अशा झोळ्या रचून माणसांना आडोसा करत. १९३५ साली चार इंची गोळ्यापुढे झोळी काय अडवणार? पण सात फेऱ्यांचा नियम कुणी काढलेला नाही. नवख्या पोराला आरमार म्हणजे काय हे पहिल्यांदा इथे कळतं. गलबतावर दोर घट्ट बसला की झालं. इथे घट्ट बसून भागत नाही, तो मोजून बसावा लागतो.

मग अनवाणी पायांनी डेक धुणं, पितळ घासणं, दोर नीट वेटोळून ठेवणं.

७:००

न्याहारी. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये गोव्याचे ख्रिस्ती स्टुअर्ड आणि स्वयंपाकी. ही जुनी वहिवाट, इंग्रज साहेबाचं ताट गोवेकराच्या हातून. खालच्या डेकवर ज्याचा रोजा नाही त्याच्यापुढे चहा आणि काल रात्रीच्या हिशेबातलं जे असेल ते. जहाजावरच्या जेवणाची कुरकुर ही आरमाराइतकीच जुनी गोष्ट आहे, तेव्हा ती इथेही असणारच. पण या कुरकुरीकडे दुर्लक्ष करण्याची सवय पुढे महागात पडली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या 'तलवार' तळावर खलाशांनी संप पुकारला. त्याची पहिली ठिणगी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या यांतूनच पडली. राजकारण त्यात होतंच, पण सुरुवात ताटापासून झाली.

८:००

सगळं थांबतं. कामात असलेला माणूस आहे तिथे ताठ उभा राहतो, तोंड जहाजाच्या पिछाडीकडे. तिथे पांढरं निशाण चढतं, तेच ब्रिटिश आरमाराचं. पुढच्या टोकाला निळं, त्यावर स्टार ऑफ इंडिया. पांढरं निशाण लावायची परवानगी मिळाली ११ नोव्हेंबर १९२८ पासून, म्हणजे नाव बदलायच्या जवळजवळ सहा वर्षं आधी. आधी निशाण, मग कायदा, शेवटी नाव, असा हा उलटा प्रवास.

कायद्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लॉर्ड रॉलिन्सन यांच्या समितीने १९२५ मध्ये शिफारस केली की मरीनचं लढाऊ आरमार करावं. ब्रिटिश पार्लमेंटने १९२७ मध्ये आपल्या बाजूने वाट मोकळी केली. मग शिस्तीचं बिल दिल्लीच्या असेंब्लीत आलं, आणि १९२८ मध्ये असेंब्लीने ते फेटाळलं. देशाला आरमार मिळत असताना देशभक्तांनीच ते नाकारावं हे वरवर विचित्र दिसतं. पण त्यांचा सवाल रास्त होता: खर्च हिंदुस्थानचा, खलाशी हिंदी, मग अधिकारी किती हिंदी? आणि लढाई लागली की ही जहाजं लंडनच्या हुकमाने जगात कुठेही जाणार, तेव्हा असेंब्लीला कोण विचारणार? बिल मंजूर व्हायला १९३४ उजाडलं. नव्या आरमाराचं उद्घाटन ऑक्टोबरच्या सुरुवातीला झालं आणि त्याच महिन्याच्या अखेरीला वरळीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, राजेंद्रप्रसाद अध्यक्ष. शहर एकच आणि महिनाही एकच.

८:३०

गोदीत कामगार आत गेलेले आहेत. १७३५ च्या सुमाराला सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले आणि त्यांनी ही गोदी उभी केली. त्यांच्या वंशजांनी इथे सागवानाची लढाऊ जहाजं बांधली. १८१० चं ७४ तोफांचं 'मिंडेन' इथलंच. १८१७ चं 'ट्रिंकोमाली' इथलंच, आणि ते इंग्लंडमध्ये अजून शाबूत आहे.

१९३५ साली त्याच गोदीत डंकन डॉकमध्ये पाणी उपसून ठेवलेलं जहाज उभं असतं आणि माणसं त्याच्या तळाला चिकटलेली कालवं आणि शेवाळ खरवडत असतात. गंजलेला पत्रा ठोकून पाहणं, रिव्हेट बदलणं, लाल रंगाचा हात मारणं. काम कसबाचंच आहे, पण जहाज परक्या गोदीतलं. 'हिंदुस्तान' १९३० मध्ये इंग्लंडात टाइन नदीकाठी पाण्यात उतरलं. 'इंडस' हे नवं जहाजही टाइनवरचंच, ऑगस्ट १९३४ चं. मला या सगळ्या आधुनिकीकरणातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच वाटते. आरमार नवं करायचं ठरलं तेव्हा गोदी नवी करायचं कुणी मनावर घेतलं नाही.

१०:००

आता तोफ.

'हिंदुस्तान'वर चार इंची तोफा दोन आहेत, एक पुढे, एक मागे. जहाजाचं वजन ११९० टन, वेग ताशी साडेसोळा नॉटच्या आसपास. जगातल्या कुठल्याही मोठ्या आरमारात या जहाजाला कुणी जमेत धरणार नाही. मुंबईत मात्र ते पाच मोठ्या जहाजांतलं एक आहे, आणि त्यातल्या त्यात नव्या दोनांपैकी.

तोफेभोवती टोळी जमते. एक जण चाक फिरवून नळी वर-खाली करतो, दुसरा दुसऱ्या चाकाने डावी-उजवीकडे. दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळ्या दुर्बिणी. तिसरा अंतराचा आकडा लावतो. चौथा मागचा दरवाजा उघडतो आणि मिटतो. उरलेले गोळे वाहतात. खरा गोळा ३१ पौंडांचा, म्हणजे १४ किलोंचा. सराव खोट्या गोळ्याने. तो भरायचा, दरवाजा मिटायचा, डागल्याचा हुकूम, दरवाजा उघडायचा, गोळा बाहेर, पुन्हा भरायचा. शिकवणारा हातात घड्याळ धरून उभा.

गोळा भरणाऱ्याकडे नीट पाहावं. तो छातीशी गोळा धरून उभा असतो, पाय फाकवून, कारण समुद्रात डेक हलणार आहे. दरवाजा उघडला की कमरेतून पुढे झुकून तो गोळा आत ढकलतो आणि हात मागे घेतो. ढकलताना मूठ मिटलेली हवी. बोटं सरळ राहिली तर दरवाजा मिटताना ती तिथे राहतील. हे त्याला शंभरदा सांगितलेलं असतं, तरी शिकवणारा प्रत्येक वेळी त्याच्या मुठीकडेच बघतो. रोजा असेल तर आता उठून पाच तास झालेले असतात आणि घशात पाण्याचा थेंब नसतो. डिसेंबर आहे हे त्यातल्या त्यात बरं. उन्हाळ्यात अशा जहाजांवर कामाचे तास पहाटेकडे सरकवावे लागतात आणि इराणी आखातात पत्र्याला हात लावण्याचीही सोय नसते.

हुकूम इंग्रजीत आहेत. दोर ओढायचे, होड्या चढवायच्या, तेव्हा अजून 'हबेस' आणि 'आरिया' हे जुने खलाशी पुकारे ऐकू येतात, कारण तांडेल-सारंगांच्या पिढ्या त्यावर पोसल्या आहेत. तोफेजवळ ते चालत नाही. सारंग, तांडेल ही नावंही मागे पडत चालली आहेत. आता लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर. बढती हवी तर इंग्रजी शिका. ज्याचा बाप सारंग म्हणून निवृत्त झाला त्या पोराला हे सगळं थोडं परकं वाटत असेल, आणि थोडी ऐटही चढत असेल. माझा अंदाज ऐटीकडे झुकतो. लष्करी सामान वाहणाऱ्या जहाजावरचा खलाशी हा हमाल समजला जाई. तोफेमागच्या माणसाला हमाल कोण म्हणेल?

११:३०

गोदीच्या आतच आरमाराची मुख्य कचेरी. फ्लॅग ऑफिसर कमांडिंग आहेत ॲडमिरल आर्थर बेडफर्ड. त्यांच्या आधीचे सर हम्फ्री वॉलविन यांनी मरीनचं आरमार होताना पाहिलं. कचेरी छोटी आहे. १९३९ मध्येसुद्धा तिथे सोळाच अधिकारी होते. टेबलावर फायली आहेत आणि बहुतेक फायलींत पैसा आहे, म्हणजे नसलेला पैसा.

त्यातला एक आकडा लक्षात ठेवावा: वर्षाला एक लाख पौंड. ब्रिटिश आरमाराचा जो ताफा हिंदी महासागरात असे, त्याच्या खर्चापोटी हिंदुस्थान सरकार दरसाल एवढी रक्कम लंडनला देत आलं. आपलं आरमार पाच जहाजांचं, आणि खंडणी दुसऱ्याच्या आरमाराला. १९३८ मध्ये ही रक्कम माफ झाली, पण हिंदुस्थानने कमीत कमी सहा आधुनिक जहाजं स्वतः राखावीत या अटीवर. म्हणजे विस्तारासाठी पैसा कुठून येणार याचं उत्तर वर्षानुवर्षं त्याच वहीत लिहिलेलं होतं, फक्त खर्चाच्या बाजूला.

१२:००

जेवण. भात, डाळ, कालवण. रोजेदार सावली बघून आडवे होतात.

१:१५

दुपारी होड्या. व्हेलर पाण्यात उतरवायची, वल्ही मारत मिडल ग्राउंडकडे जायचं, शीड लावून परत यायचं. वल्ही एका तालात मारणं शिकवावं लागतं. शीड रत्नागिरीच्या पोराला शिकवावं लागत नाही. वारा कुठून वळतोय हे त्याला गालावर कळतं. अधिकारी शहाणा असेल तर तो इथे गप्प बसतो.

बंदराच्या मध्यावरून आजूबाजूला पाहिलं की हे आरमार एका नजरेत येतं. एकीकडे 'क्लाइव्ह', पलीकडे 'लॉरेन्स', दोन्ही १९१९ मध्ये पाण्यात उतरलेली. 'कॉर्नवॉलिस' त्याहून जुनं. ते मूळचं ब्रिटिश आरमाराचं 'लिक्निस', पाणबुड्यांना फसवण्यासाठी व्यापारी जहाजासारखं दिसेल असं बांधलेलं. १९२१ मध्ये ते इकडे आलं. माझगावकडे 'डफरिन', एकेकाळचं सैन्यवाहू जहाज. १९२७ पासून त्यावर व्यापारी जहाजांसाठी हिंदी पोरांना अधिकारी बनवण्याची शाळा आहे. तिच्या पहिल्याच तुकडीत रामदास कटारी होते, १९५८ मध्ये पहिले हिंदी नौदलप्रमुख झाले ते.

नावांकडे पाहावं. 'क्लाइव्ह'वर काम करणारा विजयदुर्गाकडचा पोरगा तिथे असेल तर त्याच्या कपाळी विचित्र योग आला म्हणायचा. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला तेव्हा समुद्रावर वॉटसनचं आरमार होतं आणि जमिनीवरच्या फौजेचं नेतृत्व रॉबर्ट क्लाइव्हकडे. आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग घेतला तो कमोडोर जेम्सने. तो कंपनीच्या बॉम्बे मरीनचा, म्हणजे या आरमाराच्याच पूर्वजाचा. आता यावर मराठी माणसाने फार उसासे टाकू नयेत. दोन्ही वेळा पेशवे इंग्रजांच्याच बाजूला होते. बंदराच्या तोंडातून बाहेर पडलं की दक्षिणेला खांदेरी दिसते. तिथे आता दीपगृह आहे, आणि दीपगृहांना रसद पोचवणं हे कालपरवापर्यंत मरीनचंच काम होतं.

नव्या जहाजांची नावं मात्र बदलली. 'हिंदुस्तान', मग 'इंडस'. पुढे मागवली गेली ती 'सतलज', 'जमना', 'नर्मदा', 'गोदावरी'. साहेबांची नावं संपली आणि नद्यांची सुरू झाली. सरकारला देशभक्ती सुचली असं नव्हे. वारं कुठून वाहतंय हे त्यांनाही गालावर कळू लागलं होतं, एवढंच.

४:००

काम संपतं आणि छोट्या पहाऱ्यांची वेळ होते. बाकी पहारे चार तासांचे, पण चार ते सहा आणि सहा ते आठ हे दोन-दोन तासांचे. त्यामुळे दिवसाचे पहारे सात होतात आणि एकाच माणसावर रोज मध्यरात्रीचा पहारा येत नाही. हे गणित ज्याने पहिल्यांदा बसवलं त्याला खलाशांनी दुवा द्यावा.

सुट्टी मिळालेले लाँचने किनाऱ्यावर जातात. कुणी भेंडीबाजारात, कुणी डोंगरीला गाववाल्यांच्या खोलीवर. अधिकारी क्लबात. जे थोडे हिंदी अधिकारी आहेत त्यांनी कुठे जायचं, हा प्रश्न वेगळा. इंजिनिअर सब-लेफ्टनंट डी. एन. मुखर्जी यांना १९२८ मध्ये कमिशन मिळालं, पहिले हिंदी अधिकारी ते. त्यांच्या मागून या दशकात आलेल्या मोजक्या तरुणांत एक मराठी नाव आहे, भास्कर सदाशिव सोमण. १९६२ ते १९६६ या काळात तेच नौदलप्रमुख होते.

अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वर्तमानपत्र उलगडलं तर त्यात ॲबिसिनिया असणार. ऑक्टोबरात मुसोलिनीने स्वारी केली आहे आणि तांबड्या समुद्रावर मसावा हे इटलीचं बंदर आहे. मुंबईहून सुएझला जाणारं प्रत्येक जहाज त्याच्या समोरून जातं. १९४०-४१ मध्ये याच छोट्या आरमाराची जहाजं त्याच समुद्रात इटलीविरुद्ध पहारे देत होती.

सूर्यास्त, ६ च्या सुमाराला

बिगूल वाजतं आणि दोन्ही निशाणं उतरतात. पुन्हा सगळे ताठ उभे. निशाण हळूहळू, सलगपणे उतरवायचं, त्याचं टोक डेकला लागू द्यायचं नाही, आणि लगेच घडी करायची.

रमजानात हीच वेळ रोजा सोडायची. साम्राज्याचं निशाण आणि रोजेदाराचा घसा दोघंही एकाच सूर्याकडे डोळे लावून असतात, आणि निशाणाचा मान पहिला. सलामी संपल्याची शिट्टी झाली की खाली खजूर, पाणी, भजी. दिवसभर मुठी मिटून गोळे भरलेला तो खलाशी आता पाण्याचं टमरेल दोन्ही हातांनी धरतो. त्याच्या शेजारी हिंदू खलाशी बसलेला असतो, पंजाबी बसलेला असतो. जमिनीवरच्या पलटणींत जातवार कंपन्या असत. जहाजात जागाच नाही, त्यामुळे तसला थाट परवडत नाही.

रात्री ९

फेरी. पुढे कंदीलवाला, मागे अधिकारी. मेसडेक झाडलेला आहे का, भटारखान्याची आग विझली आहे का, पाण्याचे नळ बंद आहेत का. शिस्त ही बऱ्याच अंशी अशा बारीकसारीक गोष्टींची असते आणि युद्धात कामाला येते ती हीच.

३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं तेव्हा या आरमारात ११४ अधिकारी आणि १,७३२ खलाशी होते. 'सतलज' आणि 'जमना' यांचे तळही अजून बसवलेले नव्हते. ते १९४० मध्ये बसले, ब्रिटनमध्येच. 'गोदावरी' पाण्यात उतरली ती १९४३ मध्ये. दोन युद्धांच्या मधल्या वीस वर्षांतल्या आधुनिकीकरणाची लोखंडातली कमाई म्हणजे 'हिंदुस्तान' आणि 'इंडस'. त्यातली 'इंडस' ६ एप्रिल १९४२ ला अक्याबजवळ जपानी विमानांनी बुडवली. पण युद्ध संपेपर्यंत खलाशांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली, आणि त्या सगळ्यांना शिकवायला सुरुवातीला हे १,७३२ जणच होते. चार इंची तोफेजवळ घड्याळ धरून उभा राहू शकेल असा पेटी ऑफिसर टाइन नदीवर विकत मिळत नाही.

रात्री १२

पहारा बदलतो. नवा माणूस डोळे चोळत वर येतो आणि जुना त्याला सांगतो: नांगराचा साखळदंड दक्षिणेकडे ताणलेला आहे, ओहोटी लागली आहे, एक लाँच अजून परत यायची आहे. उद्याचा हुकूम फलकावर टाचलेला आहे, इंग्रजीत. सकाळी पाण्याची बार्ज. डाव्या बाजूची होडी रंगवणे. दहा वाजता तोफेचा सराव, मागची तोफ. दुपारी कपडे शिवण्या-दुरुस्तीची सुट्टी. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला लीडिंग सीमन सकाळी सांगेल, बहुधा कोकणीतच.